लुएलाच्या वाट्याला आलेलं सोनं

अठराशे शहाण्णवच्या त्या उन्हाळ्यात आमच्या नेब्रास्कात माणसं चर्चमध्येसुद्धा सोनं-चांदीवरून बाकं बदलून बसत. शेतकरी म्हणत, सोन्याबरोबर चांदीचीही हवी तेवढी नाणी पाडा, पैसा सैल होईल, मक्याला भाव येईल. बँकवाले म्हणत, सोनंच खरं.

माझी धाकटी जाऊ लुएला चांदीवाली. गावच्या शाळेत मोठ्या माणसांची वादसभा भरे, तीत जिंकणाऱ्याला जिल्ह्याच्या जत्रेत स्वतःच्या मनातलं बोलायला मिळे. बाईला तोवर कधी मिळालं नव्हतं. वर्षभर ती धार काढताना भाषण म्हणत होती. गाई तर केव्हाच चांदीच्या बाजूला गेल्या होत्या.

पण आमच्याकडे सभेतली बाजू चिठ्ठीने ठरते. लुएलाने हॅटमधून चिठ्ठी उचलली, निघालं सोनं. चांदी गेली बँकेतल्या अँसेल कारकुनाकडे. त्याचाही चेहरा पडला.

पंच तिघे, तिघेही चांदीवाले. माझा दीर हार्लन बायकोला कोपऱ्यात नेऊन म्हणाला, जरा कच्चं बोल, आपल्याच माणसांना कशाला पाडतेस.

"मग जत्रेत अँसेल जाईल, सोन्याचे गोडवे गायला. आणि कच्चं बोलायला मला येत नाही. कच्चा फक्त माझा स्वयंपाक असतो."

ती उभी राहिली आणि स्वोबोडाबाईंबद्दल बोलली. बारा वर्षं लोकांची धुणी धुऊन त्यांनी डॉलर साठवले. चांदीमुळे डॉलर निम्म्यावर आला, तर त्यातली सहा वर्षं पाण्यात. दोन पंचांनी कौल तिला दिला. त्यातले लोहारबुवा म्हणाले, "पोरी, मत तुला दिलंय, मन नाही दिलं हं."

आता जत्रेतल्या भाषणासाठी आपलाच मुद्दा तिला खोडायचा होता. तीन आठवडे खपली, खोडता येईना. हार्लन म्हणाला, गाळून टाक, कोण विचारतंय.

जत्रेत ती अर्धा तास चांदीवर अशी बोलली की माझ्या अंगावर काटा आला. मग थांबली.

"एका धुणंवालीचा हिशेब मला अजून सुटलेला नाही. मी तरीही चांदीवालीच आहे. पण ते तुमच्यापासून लपवणार नाही."

टाळ्या अर्ध्याच पडल्या. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होईपर्यंत चांदीवाल्यांनी तिला पुन्हा बोलावलं नाही.

जत्रेतून परतताना घोडागाडीत हार्लनने लगाम सैल सोडला. मग म्हणाला, "मलाही नाही सुटत गं तो हिशेब."

जन्मात कधी हार न मानलेल्या त्या माणसाकडे आम्ही दोघी जावा बघतच राहिलो.