‘ऑपरेशनला हरकत नाही’

मित्रांनो, चिंचवडच्या एका बंद पडलेल्या इस्पितळातल्या टेबलाच्या खणात राहिलेला मी एक जुना रबरी शिक्का. १९६४ साली पिंपरी कॅम्पातल्या एका दुकानात माझ्यावर अक्षरे कोरली गेली: ‘ऑपरेशनला हरकत नाही’. हर्निया असो की अपेंडिक्स, डॉक्टरसाहेब मला उचलत आणि कागदावर ठप्पकन उमटवत. माझा ठसा पाहून कामगारांचे चेहरे मोकळे होत. मी मनातून फुगून जाई.

१९७६ साली कस्तुरा आली. ती कामाला होती त्या कंपनीच्या कार्डावर तिचे नाव जयसिंग होते. देह पुरुषाचा मिळाला होता, पण लहानपणापासून ती स्वतःला मुलगीच मानत होती. त्यासाठीचे ऑपरेशन तिला हवे होते आणि साहेब ते शिकून आले होते. त्यांनी वडिलांची संमती मागितली. तिने आणली. मुंबईच्या मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी मागितली. तीही आणली. यात वर्ष गेले. मग म्हणाले, "दोन वर्षं थांब." ती थांबली.

मुदत संपताच ती आई तानुबाईला घेऊन हजर झाली. साहेबांनी मला शाई लावली, कागदावर धरले आणि हात थांबला.

"उद्या पस्तावलास तर?"

"आजवर किती जणी पस्तावल्या, साहेब?"

"मी अजून कुणाचं केलंच नाही."

तानुबाई फटकन म्हणाली, "थोरल्याचं हर्निया कापलंत, तवा त्याला न्हाई इचारलंत, पस्तावशील का म्हनून!"

साहेब हसले, पण मला खाली ठेवले. "अजून सहा महिने बघू."

कस्तुरा उठली. "दुसरीकडं एक बाई करते म्हणे. तिथं शिक्का लागत नाही."

माझ्यावरची शाई वाळली.

नवव्या दिवशी तानुबाई एकटीच आली. त्या बाईने केलेली जखम चिघळून कस्तुरा पुण्याच्या इस्पितळात तापाने फणफणली होती. साहेबांनी मला उचलले आणि कस्तुराच्या कागदावर उमटवले.

"आता कशाला, सायेब? जगंल म्हनत्यात. शुद्धीवर आली तवा मी इचारलं, पस्तावलीस का गं? म्हनली, व्हय. सायबाच्या दारात तीन वर्सं बसले, त्याचा."

कागद तिथेच टाकून ती निघून गेली.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणाच्या तरी हाती शिक्का येईल. चौकशी जरूर करा. पण समोरचा माणूस केव्हापासून बसला आहे, हेही त्याला विचारा.