माझा काटा हलला नाही

मित्रांनो, मी एक जुना, तापट धातुमापक आहे. तापट म्हणजे खरोखरच. माझ्या पोटात ज्योत असायची! माणसाच्या लघवीतून वेगळा काढलेला धातू त्या ज्योतीत गेला की तो समोरच्या दिव्याचा उजेड थोडा गिळायचा. किती गिळला, ते माझा काटा सांगायचा. एकाहत्तर साली मी सुरतेच्या एका प्रयोगशाळेत आलो, तेव्हा काय माझा थाट! पाहुणे मला हातसुद्धा लावायला घाबरत.

चौऱ्याहत्तरमध्ये गोडादरा वस्तीतला खानदेशी कामगार धुडकू आमच्याकडे आला. बॅटरीच्या कारखान्यात तो शिसं वितळवायचा. पोट दुखायचं, उजवं मनगट लुळं पडलेलं. अंगात शिसं निघालं तर त्याला भट्टीवरून काढून औषध मिळणार होतं. नाही निघालं तर सोमवारी पुन्हा भट्टी.

त्याची बायको शोभाबाई, आम्ही दिलेल्या बाटलीत त्याची लघवी घेऊन आली. मला चालवणाऱ्या शैलजाबाईंनी नमुना लावला. माझा काटा जेमतेम थरथरला. कारखान्याचा माणूस मगन दारातच उभा होता.

"बेन, रिपोर्ट आपो ने! शेठ राह जुए छे." शेठ वाट बघत होता म्हणे.

शैलजाबाईंनी आकडा लिहिला, पण कागद काही सोडला नाही. त्यांची नजर त्या चकचकीत बाटलीवर होती.

"शोभाबाई, बाटली धुतली होती का?"

"मंग! आत आंबट पानी व्हतं ना, फेकी दिधं. राख लाईसन घासी. दुसराना घरनी बाटली घान कशी देऊ?"

अरे देवा! ते आंबट पाणी म्हणजे आम्हीच घातलेलं आम्ल. ते नसलं की शिसं बाटलीच्या काचेलाच चिकटून बसतं, माझ्यापर्यंत येतच नाही. मला इतकी लाज वाटली!

मगन चिडला. "मशीन खोटं बोलतं का?"

"बोललं," म्हणत शैलजाबाईंनी कागद फाडला. "शोभाबाई, दुसरी बाटली देते. ही मात्र धुवायची नाही हं."

दुसऱ्या दिवशी नमुना आला. ज्योत पेटली. शोभाबाईनं पदर घट्ट धरला होता. आणि काटा असा उसळला, की दारातला मगन दोन पावलं मागे सरला. धुडकूची भट्टी सुटली, औषध सुरू झालं.

पुढे माझ्या नळ्या गंजल्या, कुणी पुसलंही नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तुम्ही तुमच्या यंत्रांची निगा राखा. पण आकड्याचा कागद हातातून सोडण्याआधी, नमुना कसा आणला ते समोरच्या माणसाला एकदा विचारा. शैलजाबाईंनी विचारलं नसतं, तर मी धुडकूला भट्टीवर परत धाडलं असतं, आणि कुणी मला बोलही लावला नसता.