रिकामा रकाना

नझीहाबाईंनी केफ गावच्या शाळेत एकतीस वर्षं भाषा शिकवली. निवृत्त झाल्या, पण दुसऱ्याच्या चुका सुधारायची खोड काही सुटली नाही. भाजीवाल्याच्या पाटीवर नुक्ता सुटलेला दिसला की पर्समधून खडू काढून ते टिंब स्वतः देऊन यायच्या. गावाला याचं मोठं कौतुक आहे, असा त्यांचा समज होता.

म्हणूनच खमीस अर्ज घेऊन त्यांच्याकडे आला. त्यांचाच जुना विद्यार्थी, आता चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, लग्नात ढोल वाजवायचा आणि उरलेल्या वेळात मातीत हात घालायचा. सात हुन्नर आणि नशीब बेपत्ता, असं आमच्याकडे म्हणतात ते अशांनाच.

"बाई, राजधानीत, ट्यूनिसला, एक निधी निघालाय," अंगणातल्या लिंबाखाली बसत तो म्हणाला. "एकाहून जास्त कला करणाऱ्यांसाठी."

"म्हणजे तुझ्या भाराभर चिंध्यांना गिऱ्हाईक मिळालं म्हण की!"

"तेच तर! आजवर जो तो म्हणायचा, आधी ठरव, तू कुंभार की वाजंत्री? हे पहिलेच म्हणतात, ठरवू नकोस."

त्याला हवा होता एक हिवाळा. सेजनानच्या डोंगरात मबरूका नावाची एक म्हातारी होती. तिकडच्या बायका चाकाशिवाय, नुसत्या हाताने मडकी घडवतात. मबरूका घडवताना गायची. जिथे श्वास घ्यायची तिथे तिचा अंगठा मातीत रुतायचा आणि तिथेच मडक्याला वळण मिळायचं. दोनदा जाऊन खमीस हे बघून आला होता आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. त्याच्या हातात ढोल, माती, गाणं हे सगळं वेगवेगळं पडलेलं, आणि तिच्याकडे मात्र ते एकच होतं. वसंतात तिची लेक तिला बिझर्तला, शहरात, घेऊन जाणार होती, कायमची. या हिवाळ्यात गेला तर गेला, नाहीतर संपलं. पण कामं बंद ठेवून चार महिने घर कोण चालवणार?

बाईंनी चष्मा चढवला. तो सांगत गेला, त्या लिहीत गेल्या. शेवटचा रकाना आला. 'या काळाच्या शेवटी तुमच्याकडे काय असेल?'

"लिहा, काही नाही," खमीस म्हणाला.

"काय?"

"काही नाही, बाई. मी तिच्याशेजारी बसणार, माती मळणार, ऐकणार. पुढे त्यातून काय निघेल ते मला आज कसं ठाऊक?"

"अरे, लोक पैसे देतायत! शेजारणीने कुसकुसची थाळी पाठवली तर आपण ती रिकामी परत करतो का? निदान दोन अंडी तरी ठेवतो ना वर?"

खमीस हसला. "मग ठेवा तुम्हाला वाटतं ते. भाषा तुमची."

तो गेल्यावर बाई कामाला लागल्या. खमीस, त्यांच्या हाताखालून गेलेला पोरगा, ट्यूनिसच्या शिकल्यासवरल्या मंडळींपुढे हात हलवत उभा राहणार? छे! त्यांनी लिहिलं: तीस मडक्यांचं प्रदर्शन, गाण्यांचं एक ध्वनिमुद्रण आणि केफच्या नाट्यगृहात एक प्रयोग, तारखेसकट. पानभर झालं, त्यात खमीसच्या हुन्नराची तोंडभर तारीफही. भाषा अशी की निधीवाल्यांनी उभं राहून टाळ्या वाजवाव्यात. दुसऱ्या दिवशी कागद पुढे ठेवून त्या म्हणाल्या, "खाली सही कर." खमीसने पानं चाळली, सही केली, एक प्रत घडी घालून खिशात टाकली. शाळेतही तो धडा असाच चाळायचा.

उत्तर बाईंच्या पत्त्यावर आलं, ऐन ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत. निधीवाल्यांनी नकाराचं कारण सभ्यपणे कळवलं होतं. हा निधी कलाकाराच्या घडणीसाठी आहे, तयार कामासाठी नाही. अर्जदाराने काय शिकायचं आहे ते उत्तम मांडलं आहे, पण सगळा आराखडा प्रदर्शनाचा आणि प्रयोगाचा आहे, त्यामुळे तो विचारात घेता आला नाही. ज्यांनी शेवटचा रकाना मोकळा ठेवला त्यांच्याशी आम्ही आवर्जून बोललो.

बाईंनी ते पत्र तीनदा वाचलं. एकही चूक सापडली नाही. खमीसला त्यांनी एवढंच सांगितलं, "नाही झालं रे." तो म्हणाला, "असू दे, बाई," आणि औषधाच्या दुकानाची पाटी रंगवायला निघून गेला.

तो सगळा हिवाळा बाईंना अन्न गोड लागलं नाही. बाजारात खमीस शिडीवर दिसला की त्या गल्ली बदलायच्या. एकतीस वर्षं पोरांना 'खरं बोला' म्हणून कान पिळले आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा दातखिळी बसली, याची त्यांना मनापासून शरम वाटायची.

मार्चमध्ये एकदा तोच समोर आला. "मबरूका मावशी गेली बिझर्तला," तो म्हणाला. "लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. घरात माती आणायची नाही, असं आधीच बजावलंय तिला."

बाईंना राहवलं नाही. भर रस्त्यात त्यांनी पत्र काढून त्याच्या हातात दिलं. पर्समध्येच होतं ते, खडूशेजारी. "माझ्यामुळे गेलं रे सगळं. तू म्हणालास काही नाही, तेच बरोबर होतं. मी माझ्या मनाचं लिहिलं. तुला ठाऊकही नव्हतं काय लिहिलंय ते."

खमीसने पत्र वाचलं, सावकाश, शेवटपर्यंत. मग म्हणाला, "ठाऊक होतं."

"म्हणजे?"

"प्रत नेली होती ना घरी. त्याच दिवशी वाचली. बायकोला वाचून दाखवली, मुलींना दाखवली. मुदतीला दोन दिवस होते, बाई. येऊन सांगता आलं असतं, हे खोडा म्हणून. निघालोही होतो, कोपऱ्यापर्यंत आलो आणि परत फिरलो."

"अरे, मग का नाही आलास?"

खमीस पत्राची घडी घालत राहिला. रंगाने माखलेल्या बोटांना ती नीट जमेना.

"आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझ्याबद्दल चांगलं लिहिलं होतं," तो म्हणाला. "ते खोडायला कसं सांगणार?"