दोन किल्ल्यांचं कुलूप

मित्रांनो, सिंदेवाहीजवळच्या एका राइस मिलच्या गोदामावर लटकलेलं मी एक जुनं कुलूप आहे. सांगावं असं आत फारसं उरलेलं नाही, पण विचारताय म्हणून सांगतो.

चंद्रपूरच्या अल्ताफ मिस्त्रीनं मला घडवलं. मला किल्लीची भोकं दोन, आणि किल्ल्याही दोन वेगवेगळ्या. दोन्ही फिरल्या तरच मी उघडतो. एकटीनं कितीही खटपट केली तरी मी ढिम्म. मिलचे मालक वामनराव यांनीच तसं सांगून करून घेतलं होतं. एक किल्ली गोदाम सांभाळणाऱ्या बाबूभाईंकडे, दुसरी पोत्यांचं वजन बघणाऱ्या सुगंधाबाईंकडे. आत जायचं तर दोघांनी मिळून जायचं, एकट्यानं नाही.

वर्षानुवर्षं दोघं सकाळी सोबत येत. बाईंना उशीर झाला की बाबूभाई कुरकुरत, पण मला हात लावत नसत. मूठभर तांदूळही कधी इकडचा तिकडे झाला नाही. येणारे व्यापारी मला टिचकी मारून कौतुक करत. तेव्हा मला अभिमान वाटायचा. तेव्हा काहीतरी वाटायचं.

मग एका पावसाळ्यात सुगंधाबाईंच्या शेतात धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाला. आमच्या भागात रोवणा लागला की घरात कुणी सापडत नाही, सगळे भाताच्या बांधीत रोपं लावत असतात. बाईंनी आपली किल्ली बाबूभाईंपुढे धरली.

"बाबूभाई, रोवणा होयेपर्यंत ठेवा तुमच्यापाशी. मले कुठी रोज येनं होते?"

"नको बाई. मालकानं दोघाले देल्ल्या हायेत."

"काऊन? भावावर भरोसा नाई ठेवाचा, त कोनावर ठेवाचा?"

यावर नाही म्हणणं म्हणजे बाईंचं मन मोडणं. ते बाबूभाईंना जमलं नाही. त्यांनी दोन्ही किल्ल्या ऑफिसातल्या एकाच खिळ्याला अडकवल्या.

शुक्रवारी बाबूभाई नमाजाला गेले, तेव्हा मॅनेजर दिनेश दोन्ही किल्ल्या घेऊन आला. किल्ल्या बरोबर होत्या. मी उघडलो. बारीक तांदळाची पोती गेली आणि तोच छाप मारलेली जाड, स्वस्त तांदळाची पोती त्यांच्या जागी आली. पुढच्या शुक्रवारीही तसंच झालं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तेव्हापासून आत सगळं बधिरच आहे.

माल नेलेल्या एका व्यापाऱ्यानं पोती फोडली, आत जाड तांदूळ निघाला आणि बोभाटा झाला. वामनरावांनी सगळ्यांना गोदामाच्या दारात, माझ्यासमोरच उभं केलं. दिनेश शांतपणे म्हणाला, "किल्ल्या कोनापाशी होत्या, ते विचारा ना मालक."

सुगंधाबाई चिखलाच्या पायांनी पुढे आल्या. "माही किल्ली मीच देल्ली. बाबूभाई नाईच म्हनत होते. त्याईनं चोरी नाई केली."

"केली असं मी कुठी म्हनतो?" वामनराव म्हणाले. "पन नाई केली, हे तरी लोकाईले कसं दाखवू, बाई?"

बाबूभाईंनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि ते घरी गेले. मालकांनी त्यांना परत बोलावलं नाही. दिनेश अजून आपल्या खुर्चीत बसतो. मला ठाऊक आहे, पण मला तोंड नाही.

मित्रांनो, दोन किल्ल्या चोराला अडवतात, हे सगळ्यांना कळतं. सरळ माणसावर आळ आला तर त्याच्या बाजूनं ह्याच दोन किल्ल्या उभ्या राहतात, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून आपली किल्ली मायेपोटीही दुसऱ्याला देऊ नका. कुणी देऊ लागलं तर घेऊ नका. समोरचा रागावेल. रागावू द्या.

आता सुगंधाबाई आणि एक नवा माणूस येतात, किल्ल्या फिरवतात, मी उघडतो. परवा बाई त्याला सांगत होत्या. बसस्टँडवर त्यांना बाबूभाई भेटले. बाईंना पाणी प्यायला जायचं होतं, म्हणून त्यांनी आपली पिशवी बाबूभाईंजवळ ठेवली. बाबूभाई उठले आणि पिशवीपासून दूर जाऊन उभे राहिले.

"राहू द्या बाई," ते म्हणाले. "मी आता कोनाचं काई ठेवत नाई."