तोंड बंद, झाकण उघडं

अकोल्याच्या जठारपेठेत अब्दुल सत्तारांचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. दुरुस्तीत त्यांचा हात धरणारा कुणी नाही, आणि तोंडाचं म्हणाल तर त्याला कुलूप नाही. पातळ लॅपटॉप दिसला की त्यांचं डोकं सणकायचं. मेमरी बोर्डालाच डाख देऊन कायमची जोडून टाकायची, बॅटरी चिकटवायची, स्क्रू रबराच्या पायांखाली लपवायचे आणि वर दुप्पट भाव घ्यायचा, हा काय धंदा झाला? असं ते गिऱ्हाइकालाच विचारायचे. गिऱ्हाईक बिचारं नेमका तोच लॅपटॉप घ्यायला आलेलं असायचं.

दोन वर्षांपासून गल्ल्यावर त्यांची मुलगी लुबना बसते. नवे लॅपटॉप विकायला तिनंच आणले. मागे एकदा कॉलेजातल्या रागिणी मॅडम त्यातला सगळ्यात पातळ पसंत करून पैसे काढत होत्या, तेवढ्यात सत्तारभाई आतून ओरडले, "मॅडम, हा लॅपटॉप नाही, पापड हाये!" मॅडम तडक उठून गेल्या.

लुबना रडली नाही, ओरडली नाही. त्याचीच सत्तारभाईंना जास्त भीती वाटली.

"अब्बा," ती म्हणाली, "महिनाभर गिऱ्हाइकासमोर एक शब्द बोलायचा नाही. अजून एक गिऱ्हाईक पळालं, तं तुमी घरी बसा. मी दुसरा कारागीर पाहीन."

घरी बसा. एकतीस वर्षं हातात पेचकस धरलेल्या माणसाच्या हे दोन शब्द जिव्हारी लागले. पंख्याखाली बसून तोच पेपर तिसऱ्यांदा वाचणारा म्हातारा त्यांना डोळ्यांसमोर दिसला. त्यांनी मान डोलावली.

तेवीस दिवस त्यांनी शब्द पाळला. बोलावंसं वाटलं की ते तोंडात बडीशेप टाकायचे. डबा दोनदा भरावा लागला.

चोविसाव्या दिवशी बोरगाव मंजूहून माणिकबाई आल्या. उन्हाळ्यात हायवेला त्यांचं टरबुजांचं दुकान असतं. सोबत नात होती, अपेक्षा. तिला अमरावतीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता आणि सोमवारी होस्टेलवर जायचं होतं. पोरीची नजर थेट पातळ चंदेरी लॅपटॉपवर गेली. भाव पासष्ट हजार. शेजारी कुठल्याशा ऑफिसातून आलेला, सत्तारभाईंनी नीट करून ठेवलेला काळा ढब्बू होता, सव्वीस हजारांचा. त्याच्याकडे पाहून तिनं नाक मुरडलं.

"होस्टेलात साऱ्या पोरींजवळ असेच असतीन, आजी," ती चंदेरीवर बोट ठेवून म्हणाली.

सत्तारभाईंनी आतल्या टेबलाशी बडीशेपेचा बकाणा भरला.

माणिकबाईंनी तो लॅपटॉप उचलला, बोटानं ठोकला आणि कानाशी नेला. "उघडून दाखव," त्या म्हणाल्या. लुबनानं स्क्रीन उघडली.

"तसं नाही वो माय. आतून. आमी टरबूज इकतो, तं खाप कापून लाल दाखोतो, मंग पैसे घेतो. बंद माल आमी इकत नाही, अन् घेत बी नाही."

"मावशी, लॅपटॉप असा कोणी उघडून दाखवत नाही."

"मंग आमी दुसरीकडं पाह्यतो," म्हणत माणिकबाईंनी पिशवी उचलली.

सत्तारभाई ताडकन उठून बाहेर आले. गिऱ्हाईक पळत होतं, आणि या वेळी तर त्यांनी तोंडही उघडलं नव्हतं! त्यांनी पेचकस उचलून लुबनाकडं पाहिलं. उघडू?

"दाखवायचाच पीस आहे. उघडा," लुबना सुस्कारा सोडत म्हणाली, आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं.

त्यांनी काळा आधी घेतला. आठ स्क्रू काढले आणि तळ डब्याच्या झाकणासारखा निघाला. मेमरीची पट्टी काढून त्यांनी अपेक्षाच्या हातात दिली आणि खाच दाखवली. तिनं दाबली. पट्टी खट्‌कन बसली आणि पोरीचा चेहरा उजळला.

मग चंदेरी. रबराचे पाय खरवडले, स्क्रू शोधले, कडेनं पत्ती फिरवली. वीस मिनिटं गेली. आत सगळं एकाच बोर्डाला डाख देऊन जोडलेलं. सत्तारभाईंची जीभ वळवळायला लागली. त्यांनी हात पाठीशी बांधले.

"हे निघत नाही?" अपेक्षानं मेमरीच्या काळ्या चौकोनावर बोट ठेवलं. "मंग बिघडलं तं?"

सत्तारभाई छताकडे पाहू लागले. आता उत्तर द्यायला लुबनाच उरली. वॉरंटी आहे, काही होत नाही, असं म्हणून एरवी ती मोकळी झाली असती.

"तं सारा बोर्ड बदलावा लागते," ती म्हणाली. "अर्धी किंमत त्यातच जाते. मेमरी कमी पडली तं वाढोता बी येत नाही." आणि मग तिला थांबताच येईना. "अन् हे पाय पाह्य! कंपनीवाले स्क्रू काहून लपवतात? हा काय धंदा झाला?"

शब्द न् शब्द अब्बांचा. ते तिच्या ध्यानात आलं आणि ती कानापर्यंत लाल झाली. सत्तारभाईंच्या घशात बडीशेप अडकली. त्यांना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. ठसक्यामुळे ते खपून गेलं.

अपेक्षानं काळा घेतला. "मले खोलता येते हा," ती आजीला म्हणाली. वर पेचकसही मागून घेतला.

निघताना माणिकबाईंनी लुबनाला बाजूला ओढलं. "तुहा बाप मुका हाये का वो? बिचारा. हात मातर सोन्याचा हाये."

लुबना हसता हसता खालीच बसली. मग डोळे पुसत म्हणाली, "मुके नाहीत, मावशी. अब्बा, बोला. आजपासून बोला. फक्त आधी उघडून दाखवत जा."

चोवीस दिवसांचं साचलेलं सगळं सत्तारभाईंच्या जिभेवर आलं. भाव, बॅटऱ्या, कंपन्या, सगळं. समोर पोरगी तो ढब्बू लॅपटॉप छातीशी धरून उभी होती.

"पोरी," ते म्हणाले, "दिवाळीले घरी येशीन, तवा इकडं आणजो. धूळ साफ करून देईन."