सात ताईत

मोडलेलं हाड डॉक्टर बसवतात, त्यावर प्लास्टर मी घालतो. बावीस वर्षं हेच करतोय. पट्टीला सुरकुती पडली किंवा आत बारीकसा खडा जरी राहिला, तरी खालच्या कातडीला जखम होते. त्यामुळे गुंडाळलेली कुठलीही वस्तू दिसली की माझा अंगठा आपोआप तिच्यावरून फिरतो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी तर ममी केली तरी जायची नाही.

ममीचं खूळ यंदाच्या सुट्टीतलं. मुलगी नऊ वर्षांची, घरात कंटाळलेली, म्हणून मी तिला प्राचीन इजिप्त शिकवायला घेतलं. पुस्तकातून नाही, हातांनी. खोक्यांचे पुठ्ठे कापून आम्ही पिरॅमिड उभा केला, कागद चहाच्या पाण्यात बुडवून पपायरस केला. मग आली ममी. त्यासाठी एक जुनी बाहुली घेतली आणि दवाखान्यातून मुदत संपलेल्या कापडी पट्ट्या मागून आणल्या.

"बाहुलीसाठी आधी मम्मीला विचार," मी म्हणालो.

"मम्मीने ममीला परवानगी दिली आहे," बायको आतून ओरडली. "फक्त पसारा आवरा."

कामावर निघता निघता मी मुलीला सांगितलं, की ते लोक पट्ट्यांच्या थरांमध्ये ताईत ठेवायचे, मेलेल्याला पुढच्या प्रवासात जपायला. हे मीच सांगितलं. ते विसरलोही मीच.

संध्याकाळी परत आलो तर ममी टेबलावर तयार होती आणि मुलगी खाली खेळायला गेली होती. पट्ट्या कशाही गुंडाळलेल्या, एका पायाला जाड, दुसऱ्याला पातळ. अंगठा फिरवला तर आत गाठी लागल्या. मग मला राहवेना. सगळं सोडलं. आतून वाटाण्याएवढे मातीचे सात गोळे निघाले. खेळताना अडकले असतील असं वाटलं. खरं सांगायचं तर काही वाटलंच नाही, हात आपले चालत होते. गोळे कचऱ्यात टाकले आणि पट्ट्या पुन्हा गुंडाळल्या, अशा की मोठ्या डॉक्टरांनीही मान डोलवावी. स्वतःवर खूश होऊन मी चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत संग्रहालय भरलं. इमारतीतली पाच मुलं आली. ही मुलं तिला 'थापाडी' म्हणतात. त्यांचंही अगदीच चूक नाही. मामाकडे बोलणारा मासा आहे, असं तिने त्यांना वर्षभर सांगितलं होतं. पण या वेळी तिने त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, कारण या वेळी दाखवायला काहीतरी खरं होतं.

"आत सात ताईत आहेत," ती म्हणाली. "मी स्वतः केलेत. एक डोळ्यांसाठी, एक हृदयासाठी, एक रस्ता चुकू नये म्हणून. आता पट्टी कापून दाखवते."

मी सरबताचा ट्रे घेऊन दारात उभा होतो. तिथेच मला सगळं उमगलं.

तिने हळूहळू कात्री चालवली. एक थर, दुसरा थर, मग बाहुलीचं उघडं पोट. मुलं वाकून बघत होती.

"कुठे आहेत?" तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने विचारलं. ती बारा वर्षांची, सगळ्यांत मोठी.

"होते."

"होते म्हणे," कुणीतरी म्हणालं आणि सगळी हसली.

मुलगी माझ्याकडे बघत होती. एक वाक्य पुरलं असतं. पण पाच पोरांसमोर स्वतःचा गाढवपणा कबूल करायचा मला धीर झाला नाही. तोंडात मिठाची गुळणी धरावी तसा गप्प उभा राहिलो, आणि बोललो ते काय, तर "सरबत घ्या रे सगळ्यांनी." ते आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मुलं गेल्यावर मी कचऱ्याची बादली पाहिली. सकाळीच रिकामी झाली होती. मग तिच्याजवळ जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "कात्री लावायच्या आधीच कळलं. माझ्या पट्ट्या एवढ्या सरळ येत नाहीत."

"मग तिथेच सांगायचंस ना, बाबाने काढले म्हणून."

"मी सांगून कोण ऐकणार होतं? तू सांगायला हवं होतंस."

तिच्यावर तिथे कुणाचाच विश्वास नव्हता, माझ्यावर सगळ्यांचा होता, आणि तो मी सरबत वाटण्यात घालवला. मी उठलो, चपला घातल्या. प्रत्येक दारी जाऊन सांगायचं ठरवलं. तीही माझ्या मागून निघाली.

तिसऱ्या मजल्यावरची बेल वाजवली. त्या मोठ्या मुलीनेच दार उघडलं.

"ताईत खरंच होते," मी म्हणालो. "मीच काढून टाकले. माझी चूक झाली."

"मग आता कुठे आहेत?"

"कचऱ्यात गेले."

ती समजूतदारपणे हसली.

"काका," तिने विचारलं, "तिने पाठवलं ना तुम्हाला?"

माझी मुलगी दोन पायऱ्या खाली उभी होती. तिने ते ऐकलं.