हिंदुराव आबांचा थायलंडी बेत

मी गोठ्यातली लोखंडी कढई बोलतेय. शेळगावच्या हिंदुराव आबांच्या स्वयंपाकघराचा उंबरा मला कधीच ओलांडता आला नाही. कारण माझ्यात मटण शिजायचं आणि आबांच्या पत्नी, द्वारकाबाई, यांच्या गळ्यात माळ.

इंदापूरच्या बाजारात एका घिसाड्यानं मला ठोकून घडवलं. आबांनी मला घेतलं तेव्हा ते साधे शेतकरी होते. पुढं ते साखर कारखान्याचे संचालक झाले आणि माझे दिवस पालटले. निवडणूक आली की मी रोज चुलीवर, निवडणूक सरली की गोठ्यात उपडी.

शहाण्णव साली, ऐन गळिताच्या हंगामात, संचालक मंडळ ऊसशेतीचा अभ्यास करायला थायलंडला गेलं. आबा परतले ते फुलाफुलांचा शर्ट घालून. तिथला ऊस कसा होता हे कुणालाच कळलं नाही. पण तिथल्या कोळंबीच्या नूडल्स कशा होत्या, हे पंधरवड्यात साऱ्या गावाला पाठ झालं. शेवटी आबांनी बाकीच्या संचालकांना जेवायलाच बोलावलं.

"पाच मिनटात हुतंय," आबा म्हणाले. "तितं तर बाया रस्त्यावर करत्यात."

"मग तुमी बी अंगणातच करा," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी हात लावायची न्हाय."

जन्मात चूल न पेटवलेल्या आबांनी मला चुलीवर चढवलं. पाहुणे बाजेवर बसले. ओट्याच्या कडेला गावातला एक शेतकरी, गेणबा, हाही येऊन टेकला. त्याच्या उसाला तुरे आले होते, वजन घटत चाललं होतं, पण तोडणीची टोळी काही येत नव्हती. त्यासाठी बिचारा रोज आबांच्या दारी हेलपाटे घालत होता.

तेल धुरावलं. लसूण करपला. धरणातली कोळंबी चुरचुरली. मग आबा एकेक जिन्नस मागू लागले आणि द्वारकाबाई दारातूनच डबे सरकवू लागल्या.

"लसूण, चिंच, गूळ, शेंगदाण्याचा कूट, तिखट," त्या म्हणाल्या. "आवो, ही तर आपली आमटी झाली! येवढ्यासाठी इमानात बसून गेला व्हता व्हय?"

पाहुणे खो-खो हसले. आबांना राग आला. तिकडून आणलेली माशाच्या खारट पाण्याची अख्खी बाटली त्यांनी माझ्यात उपडी केली. त्या वासानं म्हशीनंसुद्धा तोंड फिरवलं. सकाळपासून भिजत पडलेल्या नूडल्सची तर खळच झाली होती. ती माझ्या बुडाला अशी चिकटली, जणू खुर्चीला संचालक.

ताटं वाढली गेली.

"अगदी बँकॉक!" एक संचालक डोळे पुसत म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. कारखान्याची निवडणूक तोंडावर होती, खरं बोलणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

गेणबालाही ताट मिळालं. त्यानं पहिला घास कसाबसा उतरवला आणि तांब्याभर पाणी प्यायला.

"कसं हाय, गेणबा?" आबांनी विचारलं.

गेणबानं हात जोडले. "झ्याक हाय, आबा. खाल्लं. आता तरी टोळी धाडा."

आबा गडबडीनं पाहुण्यांना वाढायला वळले. मग दारातून द्वारकाबाईंचा आवाज आला, "त्यानं तुमचा घास गिळलाय. आता तुमी शब्द गिळू नका."

एवढ्या पाहुण्यांसमोर आबा नाही कसं म्हणणार? "उद्या धाडतो," ते पुटपुटले. आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी गेणबाच्या रानात कोयते चालू लागले.

पण बातमी फुटली. आबांच्या नूडल्स खाल्ल्या की टोळी येते! दोन दिवसांत ऊस अडलेले निम्मे सभासद घरून ताटं घेऊन अंगणात हजर. "आबा, आमाला बी वाढा!" आबा मागच्या दारानं सटकले. नूडल्सचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

माझं मात्र कायमचं नुकसान झालं. राखेनं घासा, वाळूनं घासा, तो वास जात नाही. मटणही आता दुसऱ्या कढईत शिजतं. माझ्यात म्हशीसाठी पेंड भिजवतात, तीही म्हैस नाक मुरडत खाते.

आता मंडळ ब्राझीलला निघालंय म्हणे. माझी संचालक मंडळींना हात जोडून एकच विनंती आहे. ऊस बघा, नका बघू, तुमची मर्जी. पण तिथलं जेवण आवडलं, तर बाबांनो, तिथंच पोटभर जेवून या.